डावरी गाठ

नामदेवभाऊंच्या शेडमध्ये मी पहिलं पाऊल टाकलं आणि माझ्या पायाशी एक व्हिडिओ गेम येऊन आदळला. भाऊंनी तो उचलून टीव्हीला जोडला, चालला म्हणून बाजूला ठेवला आणि पुढचा आदळला. जो बंद पडेल त्याच्यावर हातोडा. "पोट्टे त आदळतीलच," ते मला म्हणाले, "आपण पहिले आदळून पाहाचं."

परदेशी कंपनीचा महागडा गेम खोलून त्याची हुबेहूब नक्कल ते कळमेश्वरला बनवत. परवान्याचं कोणी विचारलं की म्हणत, "नक्कल म्हणजे चोरी नाही. ढिलाई म्हणजे चोरी." कोर्टात हे टिकलं नसतं, पण शेडमधल्या आम्हा बायकांना ते वेदवाक्य होतं. एकदा सदर बाजारातल्या एका दुकानदाराने भाऊंचं लेबल लावून दुसराच माल विकला. भाऊंनी भरदुपारी त्याचं काचेचं काउंटर हातोड्याने फोडलं, कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "नक्कल कराची त बरोबर कर ना." ते ऐकून आम्ही पोट धरून हसलो होतो.

माझं काम ॲडॅप्टरचं. आत काचेचा बारका फ्यूज बसवायचा आणि वायरीला गाठ मारायची, म्हणजे ओढली तरी ती निसटत नाही. मी डावखुरी, त्यामुळे माझी गाठ उलटी पडे. "डावरे, तुही गाठ काही सुटत नाही बाप्पा," भाऊ म्हणत. त्यांनी दुसऱ्या कोणाचं एवढं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर फ्यूज संपले. टेम्पो दारात उभा होता. घरचा फ्यूज उडाला की आपण सगळेच जे करतो तेच मी केलं. शेवटच्या सहा ॲडॅप्टरांत तांब्याची तार घातली, झाकणं बंद केली आणि गप्प बसले.

आठवड्याने शेडमध्ये जमाव घुसला. पुढच्या माणसाच्या हातात जळून काळा पडलेला ॲडॅप्टर होता. त्याच्या मुलीचा तळहात भाजून बोटं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी टेबलं उलटली, भाऊंचं डोकं भिंतीवर आपटलं. नाकातलं रक्त पुसत भाऊ म्हणाले, "माहा माल नसंन हा. खोलून पाहू द्या."

भाऊंनी झाकण उघडलं. आत तार होती आणि उलटी गाठ होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

"माहाच हाय," ते म्हणाले. "फ्यूज मीच नाही टाकला."

हातोडा भाऊंचाच होता. जमावातल्या दोघांनी त्यांचा उजवा हात उरलेल्या टेबलावर दाबून धरला, तिसऱ्याने घाव घातले. हाडं फुटल्याचं मला ऐकू आलं. मी तोंड उघडलं नाही. आज त्याची लाज वाटते; तेव्हा नुसती भीती वाटली होती.

शेड बंद झाली. पुढे मी नंदनवनला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते डाव्या हाताने चहा पीत होते. बराचसा बशीबाहेर सांडत होता.

"काहून घेतलं भाऊ अंगावर?" मी रडत विचारलं.

"फ्यूज आणाचे माह्याकडूनच राहिले होते. माहं मी भोगलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुहं बाकी हाय. त्या पोरीच्या घरी गेली होती का?"

"नाही."

"जाय वं, डावरे. आता ढिलाई नोको करू."

भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. त्या मुलीचं घर मला जमाव आला त्या दिवसापासून ठाऊक आहे.