कुसुमची झडप कुणी ठरवली?

बँकेत फोन आला. दाजी एवढंच म्हणाले, "कुसुमला सकाळपासून बोलता येईना." मी गंगाखेडला पोचेपर्यंत ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. दीड महिना झाला, तरी माझी चिडचिड कमी होत नाही. कुणावर चिडायचं तेही नीट कळत नाही, म्हणून स्वतःवरच चिडतो.

कुसुम माझी धाकटी बहीण. आम्ही पिंगळीला वाढलो. लहानपणी सांधेतापानं ती महिनाभर अंथरुणात होती. तो ताप हृदयात काय करून गेला, ते कुणालाच कळलं नाही. पुढं ती नर्स झाली, गंगाखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर लागली. दाजींची शेतीही तिथंच. चिखल तुडवत मेंढपाळांच्या वस्तीवर बाळंतपणाला जायची. बाळ रडेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची नाही, रडलं की मग चहा मागायची. अशाच एका वाटेवर चक्कर येऊन पडली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप जाड होऊन अरुंद झाली होती. ती बदलणं भाग होतं. मुंबईच्या सर्जननी दोन प्रकार समजावले. धातूची झडप जन्मभर टिकते. पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, आणि ते नेमकं किती पातळ झालंय हे दर महिन्याला तपासायचं. त्या गोळीवर मूल होऊ देणं धोक्याचं. जनावराच्या झडपेपासून केलेली बसवली तर जन्मभर गोळी नाही, पण दहाएक वर्षांत ती झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. हे सगळं ते माझ्याकडे बघून सांगत होते. कुसुम शेजारच्याच खुर्चीत होती...

बाहेर बाकावर ती म्हणाली, "मला जनावराची बसवा. दहा वर्षं लय झाली."

"आणि मग?"

"तवाचं तवा बघू. लेकरू तर होईल. आन् दर म्हैन्याला रक्त तपासायला मी कुठं जाऊ, दादा? आपल्याकडं हाय का ती सोय? मी नर्स हाय, मला ठाऊक हाय."

दाजी मला म्हणाले, "तुमी शिकल्याले, तुमीच सांगा." मी धातूची सांगितली. मला तिची वर्षं हवी होती. ती काय मागत होती, ते ऐकायला मी थांबलोच नाही. कागद पुढे केला तेव्हा तिनं मुकाट्यानं सही केली.

पुढची आठ वर्षं ती दर महिन्याला रजा टाकून एसटीनं नांदेडला जायची. दुसऱ्यांची बाळंतपणं मात्र एकही चुकवली नाही. माझ्या मुलाला पहिली आंघोळ तिनंच घातली. त्याला पुसता पुसता म्हणाली, "तू वाईट केलं न्हाईस, दादा. पन मला इचारलं न्हाईस." मी काहीतरी बोलून विषय बदलला.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाले, एसटी आगारातच थांबल्या. तिच्या दोन तपासण्या हुकल्या. मधेच ताप आला, त्यावरच्या औषधांनी गोळीचा जोर वाढतो, आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारं जवळ कुणी नव्हतं. हिरड्यांतून रक्त येतंय, असं ती दाजींना म्हणाली होती. गाडी मिळेल त्या दिवशी निघायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

ओळखीचे एक डॉक्टर परवा म्हणाले, जनावराची झडपही आतापर्यंत झिजत आली असती, पुन्हा ऑपरेशन तिला झेपलं असतं असं कुणी सांगावं? असेलही. मला त्यानं बरं वाटेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. तिनं आपली दहा वर्षं आपल्या मनानं मागितली होती, आणि मी मधे पडलो.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. रोजच्या तारखेवर एक गोल, पूर्ण गोळीचा भरलेला, अर्धीचा अर्धा. चार तारखेनंतर चौकटी कोऱ्या आहेत. दाजींनी ते उतरवलेलं नाही. पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय : गाडी सुरू झाली की नांदेड.