गार्डमामांचं ओंडक्यांचं घर

गार्डमामांच्या घरात भिंतीतून शिरणाऱ्याला शिट्टी बसायची. भिंत अशी नव्हतीच. मांडवगण फराट्याच्या त्यांच्या वावरात फक्कीनं आखलेली एक पांढरी रेघ होती, एवढंच. पण ती ओलांडून कुणी थेट आत पाऊल टाकलं, की खुर्चीतले मामा शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "भितीतनं कुठं निघाला? दारानं या!" मग चांगली मिशीवाली माणसंसुद्धा मुकाट वळसा घालून, दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेतून आत यायची आणि "जयभीम" म्हणायची.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मालगाडीवर गार्ड होते, सगळी नोकरी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये काढली. त्या क्वार्टरमध्ये खिळा ठोकायचा तरी मामा साहेबाला विचारून ठोकत. मामीचा स्वयंपाकाचा ओटा भिंतीकडे तोंड करून होता आणि मामांच्या ड्युटीला वेळकाळ नव्हता. तिनं जन्मभर त्या भिंतीकडे बघत, पावलांच्या आवाजावरून भाकरी तव्यावर टाकली. त्यामुळे रिटायर झाल्यावर मामांनी वावरात घर बांधायचं काढलं, तेव्हा तिनं एकच मागणं केलं. "मला काय नगं. चुलीपुढनं वाट दिसंल अशी एक खिडकी द्या."

मामांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं होतं. त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. बर्फाळ मुलखातला कुणी दाढीवाला एकटाच जंगलात झाडं तोडतो, ओंडक्यावर ओंडका रचतो आणि घर उभं करतो. मामांनी तो आम्हा सगळ्यांना पुनःपुन्हा दाखवला. "एकट्या मानसानं बांधलं, बघ. आपुन तर दोघं हाय."

"त्याला बायकू न्हाई, म्हनून झालं बांधून," मामी म्हणाली.

कासुर्डीच्या सुतारांना बोलावणं गेलं. त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मग वावराभोवती एक चक्कर मारली. "गार्डसाहेब, आपल्या भागात सरळ झाड एकच. विजेचा खांब." बाभळीचे ओंडके रचले तर मधल्या फटीतून शेळी आत येईल, असंही ते म्हणाले. मामा हटले नाहीत. निलगिरी आणू, वाळवीला औषध मारू, खाली दगडी जोतं घेऊ, असं एकेक ठरत गेलं. छप्पर मात्र व्हिडिओतल्यासारखंच उतरतं हवं होतं, बर्फ घसरून पडावा म्हणून.

"मामा, इथं बर्फ कुठला?" मी विचारलं.

"गाडी येवो न येवो, सिग्नल उभा पायजे," मामा म्हणाले. यावर शिरूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी मी काय बोलणार?

दोघं वावराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायला आली आणि आखणी सुरू झाली. मामांना कागदावरचं घर पटत नसे. "कागदात मानूस मावतंय व्हय?" ते फक्कीनं खरं, पुऱ्या मापाचं घर आखायचे आणि त्यात राहून बघायचे. दुपारी बेडरूममध्ये खाट टाकून झोपायचे. ऊन आलं की बेडरूम पलीकडे सरकायची. येणाऱ्या प्रत्येकाला मत विचारायचे आणि दुर्दैवानं प्रत्येकाकडे मत असायचं. एका आठवड्यात देवळी हवी म्हणून भिंत जाड झाली, पुढच्या आठवड्यात जिना आला, वर माळा नसताना. पावसाची सर आली की सगळं घर वाहून जायचं. मामांचा चेहरा मात्र खुलायचा, कारण आता पहिल्यापासून आखता येणार होतं.

प्रत्येक आखणीत स्वयंपाकघर मात्र मागच्या बाजूलाच. लाकडाचं घर, पुढं विस्तव नको, हे त्यांचं म्हणणं. खिडकीतून दिसणार काय, तर शेजारच्याचा ऊस. मामी भांडली नाही. ती पत्र्याच्या खोलीतच स्वयंपाक करायची, आणि फक्कीच्या घरात पाऊल टाकणं तिनं बंद केलं. मामांनी दारातून हाक मारली तरी ती रेघेबाहेरच ताट ठेवून जायची. त्यांना शिट्टी वाजवायलाही जागा उरली नाही. पुढं पुढं तर मामा एकटेच हॉलमध्ये बसलेले दिसायचे, आणि मला हसू येईनासं झालं.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "किचन पुढं घेतलं गं. वाटंला तोंड करून खिडकी ठिवली. चुलीमागं दगडाची भित घालू, जळत न्हाई. तुझी मामी आज घरात आली."

"आली?"

"दारानं आली," मामा म्हणाले. इतका खूश आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात मामा गेले. झोपेतच.

आम्ही पोचलो तेव्हा मामी म्हणाली, "त्यांना घरात ठिवा." पत्र्याच्या खोलीत नव्हे, फक्कीच्या हॉलमध्ये. सगळं गाव जमलं, वंदना झाली. तिरडी उचलली तेव्हा खांदेकरी सरळ वाटेच्या दिशेनं निघाले आणि रेघेपाशी येऊन थबकले. शिट्टी मामांच्या खिशातच होती. पुढचे दोघे आपणहून वळले, मागचेही वळले, आणि मामांना दारातून बाहेर काढलं. त्या घडीला मला जे रडू फुटलं, ते आवरलंच नाही.

आता तिथं घर आहे. पुढची सर यायच्या आत मामीनं त्याच रेघांवर पाया खोदायला लावला. कुणाचंही मत विचारलं नाही. सुतारांनी निलगिरीचे ओंडके रचले. थोडे वाकडे आहेत, पण शेळी येत नाही. छप्पर बर्फाची वाट बघत उतरतं उभं आहे.

परवा गेले तर मामी खिडकीपुढं भाकरी थापत होती. मी म्हटलं, "मामी, वाट दिसते का नीट?"

"समदी दिसती," ती म्हणाली. "पार फाट्यापातुर." मग भाकरी तव्यावर टाकून तिनं पुन्हा बाहेर बघितलं. "आता आवाजावर टाकायला लागत न्हाई गं. पर कान तिकडंच असतोय."