आधी अंगझडती द्या!

भूतबीत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलंय ते घडलंय!

कासू स्टेशनपासून थोडं आत आमचं घर. स्लॅबचं, माझ्या नावावर, पोह्याचे पापड पेणच्या दुकानांत विकून विकून बांधलेलं. घरात मी, मुलगा नीलेश आणि सून सायली. ती रोह्याची, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. नीलेश कंपनीत एका ठेकेदाराकडे वेल्डर.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी दारात पोलिसांची गाडी. फौजदार, हवालदार आणि ठेकेदाराचा सुपरवायझर, खांद्याला बॅग लावून. म्हणे गोदामातले पितळी वॉल्व्ह चोरीला गेलेत, नीलेशवर संशय आहे, घर बघायचंय. हवालदाराचं मोबाईलवर शूटिंग सुरू — हल्ली तसा नियमच आहे म्हणे. नीलेश घरीच होता, पांढराफटक पडला. गेटपास जाणार, नोकरी जाणार, वर पोलीस केस! माझं डोकं असं सटकलं... "या, बघा! डबे उपडे करा, गाद्या फाडा! आमच्याकडं लपवण्यासारखं काय नाय!" म्हणत मी दारातून बाजूला झाले. सुपरवायझर सगळ्यांच्या आधी पुढे सरकला.

तेवढ्यात आतून बाईचा खणखणीत आवाज आला — "थांबा! आधी गावातले दोन पंच बोलवा. आणि आत येणाऱ्यांनी आपली अंगझडती द्या, मग उंबरा ओलांडा!"

मला वाटलं, सायली! ही कधी एवढं शिकली? फौजदार चपापले, पण माणूस सरळ. आत बघून म्हणाले, "बरोबर आहे ताई, तुमचा हक्क आहे तो."

शेजारचे सुरेशभाऊ आणि त्यांची बायको पंच म्हणून आले. फौजदारांनी स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, हवालदाराचेही. मग म्हणाले, "सुपरवायझर, बॅग."

"मी कशाला? मी तर फिर्यादी!"

"आत यायचंय ना?"

"मग मी बाहेरच थांबतो..." आणि बॅग अशी पोटाशी धरली की सुरेशभाऊ हसायलाच लागले. फौजदारांनी चेन ओढली. आत फडक्यात गुंडाळलेले पितळी वॉल्व्ह!

काय सांगू तुम्हाला! अख्खी आळी जमली होती आणि मी कमरेवर हात ठेवून उभी. घराची झडती झाली, पंचांसमोर, आमच्यादेखत. निघाले काय, तर पापड! 'काही मिळालं नाही' असा सहीचा कागद माझ्या हातात देऊन फौजदार सुपरवायझरला गाडीत घालून घेऊन गेले.

मी धावत स्वयंपाकघरात. "शाब्बास गो बाय! कुठं शिकलीस हे?"

सायली भिंतीला टेकून उभी होती. "आई, मी नाय बोलले... मला वाटलं तुम्हीच."

घरात दुसरं कोणी नव्हतं. टीव्हीसुद्धा बंद.

पुढे जबाब द्यायला गेलो तेव्हा फौजदारांनी शूटिंग लावलं. त्यात मी ओरडतेय, बाजूला होतेय... मग सगळे एकदम आत बघतायत. त्या बाईचा आवाज मात्र नाही. आणि त्या शांततेला फौजदार म्हणतायत, "बरोबर आहे ताई." त्यांनी पुन्हा लावून बघितलं, कपाळ पुसलं. "काकी, हे मी कुणाला समजावू?"

भास म्हणावा, तर एवढ्या जणांना एकच भास? मला अजून नाय कळलं. नीलेश मात्र झडतीच्या दुसऱ्याच दिवशी ताठ मानेनं शिफ्टला गेला. तेव्हा आमच्यात जे कोणी राहत असेल त्यानं खुशाल राहावं... भाडं मागणार नाय मी!