दत्ताने किल्ली मागितली होती

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर होती. आमच्या इंजिनिअर तुकडीकडे खडी फोडायचा क्रशर होता. दोन लोखंडी जबड्यांत वरून दगड पडायचा, खालून खडी यायची. ओव्हरलोड झाला की मोटर ट्रिप व्हायची, म्हणजे आपोआप बंद पडायची. मग ड्रिल ठरलेली: दगड आत सोडणारा फीडर बंद, मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. ही ड्रिल सुभेदार साहेबांनी आमच्या अंगात मुरवली. कोणी किल्ली विसरला तर पाठीवर वजनाची पिट्ठू पिशवी देऊन पळवायचे. त्यांच्या शिव्या खाऊनच आम्ही शहाणे झालो.

आम्ही म्हणजे मी आणि हवालदार दत्ता. मी साताऱ्याचा, तो बोनकोड्याचा. पेन्शनवर आल्यावर साहेबांनीच आम्हाला बोलावून घेतलं. द्रोणागिरीच्या बाजूला एका खाणीवर ते प्लांट मॅनेजर झाले होते. "आपली माणसं हवीत," म्हणाले. ऐकून आमची छाती फुगली.

खाणीवर मात्र किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये असायची. कुलूप लावण्यात-काढण्यात वेळ जातो म्हणे. मला ते खटकायचं, आणि मी बोललोही. साहेब हसून म्हणाले, "शिंदे, इथे मी बसलोय ना?"

त्या दिवशी सकाळपासून डंपर रांगेत उभे होते. घाईत माल जास्त ओतला गेला आणि एक मोठा दगड जबड्यात आडवा अडकला. मोटर ट्रिप झाली. मी फीडर बंद केला. दगडाला पट्टा बांधून क्रेनने वर ओढायचा, तर बाजूचा बारीक माल आधी काढायला हवा होता. दत्ताने वॉकीटॉकी उचलला.

"साहेब, किल्ली पाठवा."

"मेन बंद आहे. उतर."

"किल्ली माझे हातान असली त बरा, साहेब."

"माझ्या शब्दावर भरवसा नाही, हवालदार?"

दुसरा कोणी सरळ म्हणाला असता, नाही भरवसा, किल्ली द्या. फौजी माणसाची जीभ तिथे उचलत नाही. दत्ता मला म्हणाला, "साहेब बोलले ना, मंग बंदच हाय." आणि उतरला.

दत्ता बारीक दगड काढून वर देत होता, मी घेत होतो. पुन्हा साहेबांचा आवाज आला.

"शिंदे, मोटर जरा हलवून बघू?"

"निगेटिव्ह. दत्ता आत आहे."

"रॉजर."

आणि मोटर सुरू झाली. मी इमर्जन्सी स्टॉप दाबला. पण क्रशरचं चाक जड असतं, लगेच थांबत नाही. ते थांबलं तेव्हा दत्ता गेला होता.

मोटर ट्रिप झाली होती, एवढंच. मेन कोणी बंद केलाच नव्हता. पॅनेलवरच्या ऑपरेटरने मला नंतर सांगितलं, साहेब दुसऱ्या कानाला फोन लावून डंपरवाल्याशी बोलत होते. मला सवयीने रॉजर म्हणाले आणि त्याला हाताने खूण केली, चालू कर.

चूक माणसाकडून होते, इथवर मी त्यांना माफ केलं असतं. चौकशीत ते म्हणाले, दत्ता परवानगी न घेता उतरला. मी निगेटिव्ह म्हणालो होतो, ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं म्हणे. ऑपरेटर तोवर साक्ष नको म्हणून गाव गाठून बसला होता. ज्यांच्या हुकमावर आम्ही आयुष्य काढलं, त्यांनीच केसाने गळा कापला. शत्रूचा इतका राग मला कधी आला नाही.

यंदा आमच्या रेजिमेंटच्या वर्धापनदिनाला कोपरखैरण्यात जमलो; दत्ताची बायको, आमच्या वहिनीही आल्या होत्या. गेलेल्यांची नावं सर्वात सीनियर माणूस पुकारतो आणि घरचं कोणी उठून "हाजिर" म्हणतं, ही आमची रीत. साहेब उभे राहिले. दत्ताच्या नावाशी त्यांनी आवाज जड केला.

"हवालदार..."

मी उठलो. "हे नाव तुम्ही घ्यायचं नाही, साहेब."

साहेब खाली बसले.

"हवालदार दत्ताराम पाटील," मी पुकारलं.

वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "हाजिर."