खडकजुव्यावरचा उंबरठा

"ठमाबाई, जरा हळू चला. मी काही खाडीत वाढलेली नाही."

"म्हनून तं सांगितलेलं, चपला काढ. कॉलनीतल्या फरशीवर चालून पाय मऊ पडलेत तुजे."

ओहोटी लागली होती. चिखलातल्या दगडी बांधावरून चालून निशाच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पुढे ठमाबाई, पदर खोचलेला, हातात ओल्या हळदीची वाटी.

खांदा कॉलनीत दारोदार मासळी विकणारी ही बाई. निशाने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, "बोंबील शिळे आहेत तुमचे." तेव्हापासून ठमाबाईचा तिच्यावर जीव. आज नातवाची, प्रणितची हळद. घरी मांडव, बँजो, आणि म्हातारीबरोबर बेटावर यायला एकालाही वेळ नाही! "देव्हाऱ्यातल्या टाकाला लावा की, तोही देवच," सून म्हणाली. ठमाबाई तणतणत थेट निशाच्या दारात.

खडकजुवा बेटावर पूर्वी दोन पाडे होते. वरच्या अंगाला कोळ्यांचा, खाली मिठागरात राबणाऱ्यांचा, मधे गोड्या पाण्याची विहीर. विहीर खारी झाली तशी माणसं उठून किनाऱ्याला आली. ठमाबाईच्या घरचा देव मात्र तिथल्याच जुन्या घराच्या उंबरठ्याखाली पुरलेला. त्याला हलवायचा कौल काही मिळाला नाही. म्हणून घरातल्या लग्नाची पहिली हळद त्या उंबरठ्याला. मुलाच्या वेळी ती स्वतः येऊन लावून गेली होती.

घर कधीच पडलं, दगडही लोकांनी नेले. पण भर खाडीत जाळ्याची जागा ओळखतात तशी खूण पक्की होती. एकीकडे काळ्या खडकाच्या वर, सरळ रेघेत, किनाऱ्याच्या देवळाचा कळस दिसला पाहिजे, दुसरीकडे विहिरीच्या काठावर डोंगराची खिंड. दोन्ही जुळलं की पायाखाली उंबरठा.

कळस जुळला. ठमाबाई विहिरीकडे वळली आणि बघतच राहिली. खिंड नव्हती. अर्धा डोंगरच कापून भरावाला नेलेला.

कळसाची रेघ धरून ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"खाल्ला मेल्यांनी! अख्खा डोंगूर खाल्ला!"

"आधी एखादा फोटो तरी काढून ठेवायचा," निशाही वैतागली होती.

"डोंगूर चालत जाईल, कोनाला माईत?"

"देव भावाचा भुकेला असतो, ठमाबाई. लावा इथंच कुठंतरी."

"तुजा देव फोटोत ऱ्हातो, कुठंबी टांग. माजा एका जाग्याला हाय."

 निशाने मनातल्या मनात आपल्या गुरूंचं नाम घेतलं. परतीच्या बांधाच्या दगडांना भरतीचं पाणी लागायला सुरुवात झाली होती.

ठमाबाईने ते पाहिलं. जवळ येऊन तिने वाटी निशाच्या हातात दिली.

"घरी कुनी इचारलं, जाग्यावर लावलीस का, तं मी काय सांगू? तू खोटं बोलत नायस, गुरवार पालतेस. आता या रेघंवर तूच चाल. वाटंल तिथं थांब, आनि माज्याकडं बगून बोल, 'ठमाबाई, ह्योच उंबरठा.' एवडंच बोल, बाय. मंग मी मानते."