पंतांचं तिसरं पत्र

दत्तोपंत ज्वारीचं ताट कधी उपटत नसत. भोवतीनं पुरुषभर खणायचे, खड्ड्यात उतरायचे आणि घरनं आणलेल्या तांब्यातलं प्यायचं पाणी धार धरून मुळ्यांवर सोडायचे. माती निघाली की मुळी मोजून वहीत लिहायचे. आमच्या तिसगावात माणसांनाच पाणी पुरत नव्हतं. बायका म्हणायच्या, "कुलकर्ण्याचं पोरगं ज्वारीला न्हाऊ घालतंय." पंत खड्ड्यातनंच म्हणत, "वरचं कणीस सगळं गाव बघतं. खालचं कुणी बघायला नको?"

पुण्याला शिकून ते नगरच्या हायस्कुलात मास्तर झाले होते. दर शनिवारी गावी येऊन माझ्या जिराईत तुकड्यात खणायचे. सहा वर्षं. फावडं माझं, वही त्यांची. पावसानं ओढ दिली तरी कुठली ज्वारी तग धरते, हे त्यांना मुळ्यांवरनं सांगायचं होतं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण कुठलं ताट किती खोल गेलं ते मी वही न बघता सांगे.

दुसरी मोठी लढाई संपली, परदेशच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या, तसा त्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करायचा ठरवला. त्याला तीन माणसांची शिफारसपत्रं लागत. एक पुण्याच्या प्रोफेसरांनी दिलं, दुसरं हेडमास्तरांनी. तिसऱ्यासाठी पंत माझ्या बांधावर येऊन बसले.

"सखाराम, तिसरं तुझं."

"माझं? कशापायी चेष्टा करता?"

"काम पाहिलेल्या माणसाचं हवंय. प्रोफेसरांनी मला वर्गात पाहिलं, हेडमास्तरांनी खुर्चीत. खड्ड्यात कुणी पाहिलं? तू मराठीत लिही, मी इंग्रजी करून जोडतो."

"सायबाच्या देशात माझं कोंबडीच्या पायाचं अक्षर धाडून हसं करून घेता का? मोठ्या मानसाचं घ्या."

खरं तर हसं त्यांचं होणार नव्हतं, माझं होणार होतं, आणि ते मला नको होतं. म्हणून मीच हट्टानं त्यांना नगरच्या एका रावसाहेबांकडं नेलं. माझा मावसभाऊ तिथं दारावर होता. रावसाहेबांनी सुपारी कातरत कारकुनाला मजकूर सांगितला: घराणं जुनं, वागणूक चांगली, सरकारविरुद्ध कशात नाही. मधेच विचारलं, "नाव काय म्हणालात?"

बाहेर आल्यावर पंतांनी कागद दोनदा वाचला. "छान आहे. यात माझे आजोबा आहेत. मी कुठं दिसत नाही."

"खाली शिक्का हाय न्हवं," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तेच पत्र धाडलं.

सात-आठ महिन्यांनी नकार आला. तिसऱ्या पत्रात कामाबद्दल अक्षर नाही. काम पाहिलेल्या माणसाचं पत्र घेऊन पुढल्या साली पुन्हा अर्ज करा. पंतांनी ते मला वाचून दाखवलं आणि खणायला फावडं मागितलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढल्या साली ते कोरा कागद घेऊन घरी आले. वर सगळी जागा मोकळी आणि तळाला पेन्सिलीनं पुसट, पोरांना पाटीवर काढून देतात तसं, माझं नाव.

"मजकूर तुझा तू लिही. सही तेवढी गिरव. म्हणजे सहीची तरी लाज वाटायची नाही."

माझं डोकं फिरलं. दोन पोरांचा बाप मी. "मला बिगारीच्या वर्गात बसवता व्हय, पंत?"

"बरं," ते म्हणाले. "महिना आहे अजून." कागद कोनाड्यात ठेवून गेले.

मनात होतं, शनिवारी येतील, आणखी एकदा म्हणतील, मग लिहू. त्या शनिवारी ते आले नाहीत. नगरला विषमज्वरानं पडले होते. मी गेलो तेव्हा शुद्ध नव्हती. चार दिवसांनी गेले. आजाऱ्याचं म्हणून अंथरूण जाळलं, त्यात उशाच्या मुळ्यांच्या वह्याही गेल्या.

आता त्या मुळ्यांचं जाणणारा मी एकटा. विहिरीकडच्या ओळीतलं ताट साडेचार हात खाली गेलं होतं. कुणी विचारत नाही. तो कागद अजून आहे. पेन्सिल विटली तरी नाव वाचता येतं. दोन-तीनदा टाक घेऊन बसलो. काय लिहायचं ते पाठ आहे. पण आता धाडायचं कुणाला? वरची जागा मोकळीच आहे.