उरलेलं अर्धं सीताफळ

आमच्या ओट्यावर लोणच्याची एक जुनी बरणी आहे. तिच्यात झारा, उलथनं, पळ्या आणि माझे रंगाचे ब्रश एकत्रच उभे असतात. दुसरीकडे जागाच नाही. त्यामुळे पळी घ्यायला हात घातला की ब्रश वर येतो, आणि ब्रशाबरोबर चार किस्से! ऐकणारे हसतात. माझं मात्र दर वेळी नव्याने डोकं तापतं.

मी चित्रं काढते. चारमिनारच्या शहरात, चिक्कडपल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. शाळांचे तक्ते, कॉलेजच्या मुलींच्या प्रॅक्टिकलच्या रेकॉर्ड-वह्या, लग्नाची रुखवतं, जे येईल ते. शिक्षण सातवी. परभणीकडच्या आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, यात माझा काय गुन्हा? पण इथे कुणीही नवं माणूस भेटलं की तेलुगूत पहिला प्रश्न ठरलेला. "एंत वरकु चदिवारम्मा?" किती शिकलात बाई?

या वर्षी तर तो प्रश्न छापूनच घरी आला. ऋताच्या एल.के.जी.चा फॉर्म! हल्ली गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमच्या शाळा निघाल्यात, त्यांतली ही त्यातल्या त्यात बरी. फॉर्मात एक रकाना होता, आईचं शिक्षण. आई ग्रॅज्युएट नसेल तर पोरीला घेत नाहीत, अशी खबर शेजारच्या राजेश्वरीने आणली. फॉर्म महिनाभर फ्रिजवर पडून होता, आणि येता-जाता मी तो रकाना बघत होते. माझ्या सातवीपायी माझ्या पोरीची शाळा जायची, म्हणजे काय!

* * *

मुळात मी घाबरट. ऋता शिंकली तरी मी तिचं कपाळ बघते.

एप्रिलमधली गोष्ट. एका तक्त्यावर पोपट रंगवत होते. ब्रश धुवायचा स्टीलचा पेला शेजारी. दूध उतू गेलं म्हणून उठले, परत येऊन बघते तर पेला रिकामा! आणि ऋताची जीभ हिरवीगार!

पोरीला उचललं आणि एका पायात माझी, एका पायात सासूबाईंची चप्पल, अशी डॉक्टरांकडे धावले. रिकामा पेलाही बरोबर नेला, पुरावा म्हणून. डॉक्टरांनी पेल्याचा वास घेतला, जिभेचा वास घेतला, ऋताला विचारलं, "क्या खाया बेटा?"

"हिरवी आईस-कँडी. राजी आंटीने दिली."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "एंत वरकु चदिवारम्मा?"

आता सांगा! कँडी राजेश्वरीने दिली, शिक्षण माझं काढलं!

पण मग पेल्यातलं पाणी गेलं कुठे? ते संध्याकाळी कळलं. ऋताचे बाबा ऑफिसमधून आले, चपला काढता काढता म्हणाले, "दुपारी मी फाइल न्यायला येऊन गेलो गं. तू दूध पुसत होतीस. आज पन्ह्यात गूळ घालायला विसरलीस वाटतं."

* * *

आमच्या वर पद्मा राहते. विद्यानगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. तिच्या प्राणिशास्त्राच्या रेकॉर्डमधल्या आकृत्या मी काढून देते. बेडूक मी आयुष्यात कापलेला नाही, पण त्याचं आतडं कुठे वळतं ते मला पाठ आहे.

एकदा झुरळ होतं. दोन दिवस लागले. पायांवरचे काटे, मिशांचे एकेक पेर, सगळं बारीक पेन्सिलीने. छाया इतकी चांगली उतरली की माझं मलाच बरं वाटलं. कागद ओट्यावर ठेवून मी कुकर लावायला वळले.

फाट्! फाट्! फाट्!

"मेलं कुठलं!" सासूबाई चप्पल हातात घेऊन उभ्या. झुरळाच्या पोटावर चपलेच्या तळव्याची नक्षी उमटलेली.

"अहो आई, ते चित्र होतं!"

त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं. चुकलं म्हणतील की नाही? उलट माझ्यावरच डाफरल्या, "मग इतकं जिवंत काढायचं कशाला? मिशा हलत होत्या त्याच्या!"

सात वर्षांच्या संसारात सासूबाईंनी माझ्या चित्राला दिलेली ही एकच दाद. तीही चपलेने.

* * *

गेल्या दिवाळीच्या आधी जब्बारभाईंनी फळांचा तक्ता सांगितला. जब्बारभाई म्हणजे चौकातले स्टेशनरीवाले. आजूबाजूच्या शाळांना खडू, डस्टर आणि तक्ते तेच पुरवतात. माझ्या तक्त्यांवर माझं नाव नसतं. "नाम डालेंगे तो जगह जाती बाजी," म्हणे! बाजी म्हणजे ताई.

तक्त्यात सगळ्यांत अवघड सीताफळ. आंबा काय, एक रेघ ओढली की झाला. सीताफळाचा एकेक डोळा वेगळा, एकेकाची सावली वेगळी. मी मुद्दाम टपोरं, अजून न पिकलेलं बघून आणलं, खिडकीत ठेवलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, "हे खायचं नाही. हे मॉडेल आहे."

तीन दिवसांत डावं अर्धं रंगवून झालं. चौथ्या दिवशी गावाहून माझा भाऊ आला. मी चहा टाकेपर्यंत तो ऋताला मांडीवर घेऊन खिडकीत बसला. बाहेर येऊन बघते तर बशीत नुसत्या बिया!

"दादा, अरे ते माझं मॉडेल होतं!"

"काय मॉडेल?" तो बोटं चाटत म्हणाला. "गावाकडं टोपल्यानं पडतंय, अन् एका सीताफळासाठी रडायलीस व्हय गं? पुढच्या टायमाला पोतं आणतो की!"

"मला पोतं नको! मला हेच हवं होतं!"

"हे तर गेलं." त्याने पोटावर हात ठेवला.

दुसरं आणलं, तर ते लांबुळकं, डोळे बारीक. तक्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शेवटी त्या लांबुळक्याकडे बघून उजवं अर्धं रंगवलं, आणि मधे एका पानाची सावली टाकून सांधा झाकला. पुसटसा दिसतच होता म्हणा. जब्बारभाईंनी तक्ता उजेडात धरला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली आणि म्हणाले, "बाजी, ये आधा दूसरे झाड का है क्या जी?"

मी खडूंची खोकी सारखी करायला लागले.

"चलता जी. बच्चोंकू क्या मालूम!"

* * *

मग पद्माचे सर आले. तिच्या रेकॉर्डमधल्या आकृत्या बघून त्यांनी पद्माला खोदून खोदून विचारलं, आणि ती थेट त्यांना आमच्या घरी घेऊन आली. सरांची पीएच.डी. चालली होती, गोगलगायींवर. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "एंत वरकु चदिवारम्मा?"

"सातवी."

"परवा लेदु, परवा लेदु," म्हणाले. चालेल, चालेल. जशी काही मी कुणाकडे माफी मागितली होती!

त्रेचाळीस गोगलगायी काढल्या मी. वरून, खालून, शंखाबाहेर, शंखाआड. सर बाटल्यांमधून नमुने आणून द्यायचे. त्या वासाने आठवडाभर आमच्या घरात कुणी आमटीला हात लावला नाही. ऋता एका बाटलीला "गोगू" म्हणून रोज गुड मॉर्निंग करायची, आणि झाकण उघडेल या धास्तीने मी तिच्या मागे मागे.

प्रबंध झाला. काळी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. पद्मा कौतुकाने दाखवायला घेऊन आली. म्हटलं, आभाराचं पान वाच. तिने वाचलं. गाइडचे आभार, बायकोचे, सासऱ्यांचे, टायपिस्टचे, झेरॉक्सवाल्याचे. मी वाट बघतेय. पद्मा अडखळली.

"वाच की गं."

"अक्का, ॲण्ड लास्टली..." ती हळूच म्हणाली, "ज्या गोगलगायींनी या संशोधनासाठी प्राण दिले, त्यांचेही आभार."

* * *

तारनाक्याला पुण्याच्या एक काकू राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, लग्न होताच अमेरिकेला जाणार. मुलीकडच्यांना इथे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून रुखवत करून द्यायचं काम काकूंनीच मला मिळवून दिलं. मला म्हणाल्या, "चारमिनार नको हं, सगळे तेच करतात. तू कॉम्प्युटर कर. खायचा!"

कॉम्प्युटर मी कधी बघितलाच नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटर क्लास नवा निघाला होता, तिथे गेले. वॉचमन म्हणाला, "चप्पल उतारो." देवळात शिरल्यासारखी अनवाणी आत गेले. थंडगार हवा, काचेचं दार, आणि दाराआड रांगेने टीव्हीसारखी खोकी.

टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं. काय विचारलं, ते तुम्हाला कळलं असेलच!

सातवी म्हटल्यावर ती म्हणाली, "मिनिमम टेन्थ चाहिए मॅडम."

"मुझे सीखना नहीं है," मी म्हटलं, "बनाना है. बेसन का."

तिने मला काचेच्या आत सोडलं नाही. मग बाहेरूनच जेवढं दिसलं तेवढं डोळ्यांत साठवलं. खोकं बेसनाच्या वड्यांचं केलं, पडदा खोबऱ्याचा, माऊस म्हणजे एक लाडू आणि त्याला शेवयांची शेपटी. पुढची बटणं शंकरपाळ्यांची. त्यांवर अक्षरं असतात एवढं दिसलं होतं, म्हणून खाण्याच्या रंगाने एकेका शंकरपाळीवर ए, बी, सी, डी काढली. नीट, क्रमाने, झेडपर्यंत.

मांडवात नवरदेव आणि त्याचे मित्र त्या शंकरपाळ्यांकडे बघून हसून लोटपोट. "काकू, हा कीबोर्ड बघा! ए, बी, सी, डी ओळीने!"

मला अजून कळलेलं नाही. खऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरं विस्कटलेली असतात म्हणे. मग चूक माझी कशी? अक्षरं ओळीत असणं ही चूक कधीपासून व्हायला लागली?

* * *

आणि आता फॉर्म.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ऋताचे बाबा पेन घेऊन बसले. "बी.ए. लिहितो. सर्टिफिकेट कोण मागतंय?"

"अजिबात नाही. सातवी लिहा."

"सातवी लिहिलं तर दारातूनच परत पाठवतील."

"आणि उद्या पोरीने विचारलं, आई तू कुठल्या कॉलेजात होतीस, तर काय सांगू?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे बघा, तुझं नको आणि त्याचंही नको. दहावी लिहा आणि उठा." भाजीवाल्याकडेही त्या असंच करतात.

शेवटी रकाना कोराच राहिला.

सकाळी ऋताला नवा फ्रॉक, दोन वेण्या. व्हॉट इज युवर नेम, व्हॉट इज युवर फादर्स नेम, सगळं घोकून तयार. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. मॅडमच्या मागे, भिंतीवर, फ्रेम करून लावलेला माझा फळांचा तक्ता! आणि बरोबर मधोमध ते सीताफळ.

मी ऋताला मांडीवर घेतलं ते तोंड दाराकडे करून.

"मदर का क्वालिफिकेशन ब्लँक क्यों है?" मॅडमनी विचारलं.

ऋताचे बाबा खाकरले. ते काही बोलायच्या आत मीच बोलून टाकलं. "सेवन्थ."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "देखिए, हम घर का ॲटमॉस्फियर देखते हैं. सेवन्थ पास मदर घर में क्या सिखाएगी? बच्चों की आँखों के सामने अच्छी चीज़ें होनी चाहिए. अब ये चार्ट देखिए. अच्छे आर्टिस्ट से बनवाया हुआ है. ऐसी चीज़ कभी आपके घर में देखी है बेबी ने?"

माझ्या कानांतून वाफ निघत होती. हा तक्ता माझाच म्हणावं, तर तो सांधाही माझाच!

मॅडमनी स्वतःच हात धरून ऋताला तक्त्यासमोर उभं केलं. सीताफळावर पट्टी टेकवली. "बेबी, व्हॉट इज धिस?"

"सीताफळ," ऋता म्हणाली. मग पुढे होऊन तिने उजव्या अर्ध्यावर बोट ठेवलं. "हे इकडचं खोटं आहे. खरं मामाने खाल्लं."

"क्या बोल रही है?"

ऋताचे बाबा फरशी बघायला लागले. म्हटलं, जायचंच आहे तर खरं सांगून जाऊ. "मॅडम, बोल रही है, इधर का आधा उसके मामा ने खाया."

"चार्ट का सीताफळ मामा ने खाया?"

"आधा ही बना था मॅडम. मैं चाय बनाने गई, तब तक खा गया. फिर दूसरा देख के बनाया."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांकडे बघितलं. नखांत कालचा निळा रंग होता. मग चष्मा लावून त्या तक्त्याजवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या जवळ. बोटाने डाव्या बाजूचे डोळे चाचपले, मग उजव्या बाजूचे, मग मधल्या पानाची सावली.

"दिवाली से मैं रोज़ देख रही हूँ," त्या म्हणाल्या, "कि इसमें कुछ गड़बड़ है!"

खुर्चीत येऊन बसल्या. फॉर्म पुढे ओढला, खाली सही केली आणि क्लार्ककडे सरकवला. रकाना तसाच कोरा.

"ये नहीं चलेगा. नया बना के लाइए. पूरा, असली सामने रख के. नीचे अपना नाम भी डालिए, ताकि मालूम हो किससे पूछना है. मंडे को. बेबी को भी लाइए, यूनिफॉर्म में."

आता तुम्हीच सांगा, जूनच्या महिन्यात मी सीताफळ आणू कुठून?